राजकुमारी तारिणी मेली तो दिवस

मला राजकुमारी केलं ते माझ्या मापामुळे. चेहरा, आवाज, अभिनय यांतलं काहीही कुणी पाहिलं नव्हतं. भाईंदरजवळच्या मुर्धा गावी माझ्या जनामामाच्या शेतात एका हिंदी मालिकेचा महाल उभा होता. त्या महालातल्या सर्वांत धाकट्या राजकन्येचं काम करणाऱ्या मुलीला ऐन वेळी कांजिण्या आल्या, आणि तिच्यासाठी शिवलेला गुलाबी घागरा कुणाच्या तरी अंगात बसवणं भाग होतं. शाळेला सुटी लागली होती. मी आजोळी बांधावर बसून मीठ लावलेली कैरी खात होते. गळ्यात टेप लटकवलेला एक घामाघूम माणूस महालातून बाहेर आला, माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "ए लड़की, इधर आ. सीधी खड़ी रह." त्यानं माझ्या खांद्यापासून घोट्यापर्यंत टेप लावला आणि मामाला हाक मारली. मामा धोतराला हात पुसत आला. "भाची हाय माझी," तो म्हणाला. "लेके जाव. पन तिच्या आईला ईचारा पयलं."

आईला विचारलं तेव्हा ती मामीबरोबर ओट्यावर वाल सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "उन्हात उभं करणार का तिला?" माणूस म्हणाला, "नहीं दीदी, अंदर पंखा है." एवढ्यावर माझं राजघराण्यात जाणं ठरलं.

आम्ही राहायचो भाईंदर पूर्वेला, नवघर रोडवर. एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर होतं. मागच्या गल्लीत स्टीलच्या भांड्यांचं गाळ्याएवढं कारखान्याचं शेड होतं. तिथं दिवसभर भांड्यांना पॉलिश करणारं चाक फिरायचं. ताटली चाकाला टेकली की कर्कश आवाज यायचा आणि काढली की तो खाली बसायचा. माझं बालपण त्या आवाजात गेलं. अजूनही कुठं ग्राइंडर चालू झाला की मला एकदम आमचं स्वयंपाकघर दिसतं: खिडकीत तुळशीची कुंडी, गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी, आणि परातीत तांदळाची उकड मळणारी आई. बाबा फोर्टातल्या एका विमा कचेरीत होते. गिरगावातली खोली सोडून ते इकडे आले ते मोकळी हवा आणि मुबलक जागा म्हणून, असं ते पाहुण्यांना सांगायचे. मुर्ध्याला माहेर जवळ पडतं, असं आई सांगायची. दोघांचीही कारणं खरी नव्हती किंवा पुरी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्याआधी आईबाबांना एक मुलगी झाली होती. तिचं नाव प्रमिला, पमी म्हणायचे. चार वर्षांची असताना ती मुर्ध्यालाच, आजोळी, तापानं गेली. त्या वेळी मी आईच्या पोटात होते. हे मला घरात कुणी सांगितलेलं नाही. मामीनं एकदा माझ्या डोक्यातल्या उवा काढताना सांगून टाकलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. आमच्या घरात पमीचं नाव निघायचं नाही. त्यात रडारड नव्हती, उदास वातावरण वगैरेही नव्हतं. बाबा रविवारी बाजारातून कोळंबी आणायचे, ती सोलता सोलता रेडिओवरच्या गाण्यात आपला सूर मिसळायचे, आई त्यांच्या सुरावर हसायची. फक्त कधी एखादी नातेवाईक बाई "ती पहिली असती तर आज..." असं सुरू करायची, तेव्हा आई उठून पाण्याची टाकी भरली का ते बघायला जायची आणि बाबांना एकदम काही तरी आणायला खाली जावंसं वाटायचं. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

रोज सकाळी आई आणि मी स्टेशनच्या पुलावरून पश्चिमेला उतरायचो आणि उत्तनच्या बसमध्ये बसायचो. मुर्ध्याच्या थांब्यापासून आत वळलं की आधी विहीर, मग चर्च, मग मामाचं घर, आणि घरामागं जिथं पूर्वी भात लागायचं तिथं तो महाल. समोरून तो संगमरवरी दिसायचा. मागून पाहिलं की बांबू, फळ्या, गोणपाट आणि सुतळी. दोन पांढरे हत्ती दाराशी उभे होते, त्यांतल्या एकाच्या सोंडेचं प्लास्टर पडून आतली जाळी दिसायची, म्हणून कॅमेरा नेहमी दुसऱ्या हत्तीच्या बाजूनं लागायचा. खाडीलगतच्या खाजणावरून वारा आला की महालाच्या भिंती फुगायच्या. मग कुणी तरी ओरडायचं, "दीवार पकड़ो!"

मालिकेची गोष्ट मला आजही नीट सांगता येणार नाही. एका राजाच्या पूर्वजानं नदीला दिलेला शब्द मोडला होता, म्हणून नदी त्या घराण्यातल्या प्रत्येक पिढीतलं एक मूल घेऊन जायची. शाप टाळण्यासाठी तीन भाऊ एकमेकांचा घात करत होते. एक बोलणारा बगळा होता, उडणारा घोडा होता, विष होतं, जुळी भावंडं होती. या सगळ्यात मी राजकुमारी तारिणी, धाकट्या राणीची मुलगी. काम एवढंच की कुणी मोठं माणूस बोलत असलं की मागं दिवा धरून उभं राहायचं. एकदा मला एक वाक्य दिलं, "माँ, नदी मुझे बुला रही है." मी ते म्हटलं आणि सगळे हसले. मी म्हणे ते शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं म्हटलं होतं. पुढे टीव्हीवर माझ्या तोंडून दुसऱ्याच कुणा मुलीचा आवाज आला. समोरच्या हंसाबेन म्हणाल्या, "आ तो आपणी अनु नथी बोलती!" मला फार वाईट वाटलं होतं.

धाकट्या राणीचं काम करणाऱ्या बाईंना सगळे रेणू मॅडम म्हणत. त्या भोपाळकडच्या. कॅमेऱ्यासमोर त्यांचे डोळे मोठे आणि भयंकर व्हायचे आणि 'कट' म्हटलं की त्या लगेच चप्पल काढून पाय खुर्चीवर घ्यायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांना आमच्या डब्याचा वास लागला. सेटवर सगळ्यांना पनीर आणि डाळ मिळायची, पण आई आमच्यापुरती तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी न्यायची. मॅडम मुकुटासकट आमच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "दीदी, ये क्या है, सारे महल में ख़ुशबू आ रही है." आई ओशाळली. तिला वाटलं तक्रार आहे. "सूखा मच्छी है, मॅडम. आप लोग नहीं खाते होंगे." मॅडमनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली, तोंडात घातला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली. तेव्हापासून आई एक भाकरी जास्त करायची. आई मोडक्या हिंदीत बोलायची, मॅडम शुद्ध हिंदीत, आणि दोघींचं छान चालायचं. मॅडमना मूल नव्हतं की होतं, हे मला माहीत नाही. आईनं कधी विचारलं नाही.

मग पाऊस तोंडावर आला. शेतातला महाल पावसात टिकणार नव्हता. तो उतरवून पुढची गोष्ट कुठल्या तरी बंदिस्त स्टुडिओत न्यायची ठरली, आणि तिथं एवढी माणसं मावणार नव्हती. त्यामुळे मालिकेत भराभर मरणं सुरू झाली. सेनापती गेला, एक जुळा गेला, बगळा गेला. एका सकाळी डायरेक्टर सरांचा असिस्टंट आईजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "दीदी, परसों तारिणी का ट्रॅक ख़तम है. नदी ले जाएगी. बॉडी का सीन है." आईला आधी कळलंच नाही. त्यानं दोन्ही हात आडवे धरून दाखवले. आईनं त्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "घर में पूछना पड़ेगा."

मी खूश झाले होते, हे इथं सांगून टाकते. दिवा धरून उभं राहून मी कंटाळले होते. या सीनमध्ये पहिल्यांदाच सगळ्यांनी माझ्याकडे पाहायचं होतं.

संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. मागच्या गल्लीतलं चाक तेव्हाच बंद झालं होतं, त्यामुळे घर नेहमीपेक्षा शांत वाटत होतं. आईनं भात वाढता वाढता सांगितलं. बाबांचा हात ताटातच थांबला.

"नाही," ते म्हणाले.

"अहो, खोटंच असतं ते. पावडर लावतात, झोपवतात."

"खोटं असलं तरी नाही. जिवंत पोरीला तिरडीवर झोपवायचं? दुसरी कुणी घ्या म्हणावं."

"घागरा हिलाच बसतो."

"मग नका दाखवू म्हणावं! लोकांनी बघायचंय का ते?" बाबा कधी आवाज चढवायचे नाहीत, त्या दिवशी चढला. मग तो लगेच उतरला आणि ते खाली बघत म्हणाले, "तू बघणार आहेस ते, कुंदा? तुला बघवेल?"

 आईनं माझ्या ताटात आमटी वाढली, बाबांच्या ताटात वाढली. मग म्हणाली, "मला बघायचंय."

बाबा जेवण अर्धं टाकून उठले. असं मी त्यांना पूर्वी कधी करताना पाहिलं नव्हतं. आईनं त्यांचं ताट झाकून ठेवलं. हात धुऊन आल्यावर ते दारात उभे राहून म्हणाले, "मी येणार नाही." आई म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी ही बातमी सगळीकडे गेली. मुर्ध्याला मामी कपाळावर हात मारून म्हणाली, "येड लागलाय काय तुला? एक गेली तुझी, आनि ही दुसरी मेल्यावानी झोपवतेस?" हंसाबेननी सांगितलं की काम करा, त्यात काही वाईट नाही, पण घरी आल्याबरोबर मीठ-मोहरी ओवाळून टाका.  मामा दिवसभर आईची नजर चुकवत होता.

तो दिवस उगवला तेव्हा हवा जड होती आणि खाजणाकडून चिखलाचा वास येत होता. मेकअपवाल्यानं माझ्या चेहऱ्याला राखाडी पावडर लावली, ओठ निळसर केले. मी नदीत बुडून मेले होते, म्हणून केस पाण्यानं भिजवून, पिंजून, त्यांत वाळकं गवत आणि शेवाळासारखी हिरवी लोकर गुंतवली. दरबाराच्या मधोमध पांढऱ्या कापडाची फळी मांडली होती. मी तिच्यावर आडवी झाले. सरांनी सांगितलं, श्वास पोटात घ्यायचा, छातीत नाही, आणि डोळ्यांची पापणी हलता कामा नये.

राणीनं धावत यायचं, पोरीला बघून किंकाळी फोडायची आणि प्यादे तिला न्यायला आले की त्यांना अडवायचं, असा सीन होता. मॅडम धावत आल्या आणि किंचाळल्या. माझ्या कानात दडे बसले. सर म्हणाले, पुन्हा. त्यांनी पुन्हा केलं, मग पुन्हा केलं. प्रत्येक वेळी किंकाळी मोठी होत होती आणि सरांचं समाधान होत नव्हतं. शेवटी ते खुर्चीवर मागं रेलले आणि म्हणाले, "मॅडम, मज़ा नहीं आ रहा. इतनी मौतें दिखा चुके हैं. सब में चिल्लाए हैं." त्यांनी चहाची सुटी दिली.

मला उठायला सांगितलं नाही, कारण केस विस्कटले असते. मी तशीच फळीवर पडून छताचे बांबू बघत होते. आई माझ्या उशाशी जमिनीवर येऊन बसली होती. मॅडम आल्या, घागरा सावरून तिच्याशेजारी बसल्या आणि घसा धरून म्हणाल्या, "दीदी, आप बताइए. आप माँ हैं. आपके साथ ऐसा हो तो आप क्या करेंगी?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी सहज विचारलं होतं, एखाद्या पदार्थात काय घालतात असं विचारावं तसं.

आई म्हणाली, "हुआ है मेरे को. बड़ी वाली."

मॅडमचा हात घशावरून खाली आला. त्या तिथंच बसून राहिल्या. आई बोलत राहिली. माझ्याकडे तिची पाठ होती, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता. "मैं रोई नहीं. ये पेट में थी ना. सब लोग बोले, तू अंदर बैठ, पेट का संभाल. मेरे को हात लगाने नहीं दिया." मग जरा थांबून म्हणाली, "बुखार में कितने दिन सोई थी. बाल में गुंता हुआ था. मैं बोली, मेरे को खाली उसका बाल सुलझाने दो. वैसा ही लेके गए."

'गुंता'ला हिंदीत काय म्हणतात ते आईला माहीत नव्हतं आणि मॅडमनी ते विचारलं नाही.

मॅडम उठून सरांकडे गेल्या. दोघं हळू आवाजात बोलले. सरांनी दोनदा आईकडे पाहिलं, मग हाक मारली, "एक कंघी लाओ. लकड़ी की." ठरलं ते असं की राणी किंचाळणार नाही. ती फक्त बसेल आणि मेलेल्या मुलीचे केस विंचरेल. प्यादे येतील, ती त्यांच्याकडे बघणारही नाही.

पहिल्याच खेपेला मॅडमच्या अंगठ्यांत आणि चिकटवलेल्या नखांत माझे केस अडकले आणि मेलेली राजकुमारी "आई गं!" म्हणून ओरडली. सगळा सेट हसला. मीही हसले. दुसऱ्या खेपेला नख तुटलं. सर घड्याळ बघायला लागले. तेव्हा मॅडमच म्हणाल्या की राणीचा चेहरा वेगळा घ्या आणि हात या दीदींचे घ्या. आईच्या काचेच्या बांगड्या उतरवल्या, पत्र्याची सोनेरी कंकणं चढवली, लाल जरीच्या बाह्या दंडांपर्यंत बांधल्या. आईनं काहीही हरकत घेतली नाही. फणी हातात घेऊन ती माझ्या उशाशी गुडघ्यांवर बसली, आणि सर म्हणाले, "अनु, आँखें बंद."

डोळे मिटले तरी दिव्यांमुळे आत सगळं लालसर दिसत होतं. आईनं आधी गवत काढलं, मग लोकर काढली. मग केसांची एक बट डाव्या मुठीत घट्ट धरली, म्हणजे मुळाशी ओढ बसू नये, आणि टोकापासून फणी फिरवायला लागली. घाई नव्हती. एक बट सुटली की ती माझ्या खांद्यावर नीट ठेवून दुसरी घ्यायची. महालाच्या भिंतीचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं, तेवढाच आवाज. मला वाटलं, आता कट म्हणतील. कुणी म्हणेना. मग आई माझ्या कानाजवळ वाकली आणि मुर्ध्याच्या बोलीत, जी ती नवघरच्या घरात कधी बोलायची नाही, अगदी हळू म्हणाली, "झाला हां, पमे. झाला. आता थोराच ऱ्हायलाय."

मी तिच्या तोंडून हे नाव पहिल्यांदा ऐकलं. मला डोळे उघडून तिच्याकडे बघायचं होतं. पण मी पापणी हलवली नाही. सरांनी सांगितलं होतं म्हणून नाही. मी डोळे उघडले तर ती थांबेल, एवढं मला त्या वयातही कळलं. माझ्या कपाळावर काही तरी ओलं पडलं आणि कानाकडे ओघळत गेलं. मी पोटात श्वास घेत राहिले. तिनं सगळे केस सोडवले, मधोमध भांग पाडला, दोन्ही बाजूंना हातानं बसवले आणि फणी खाली ठेवली.

"कट," सर म्हणाले, पण नेहमीसारखं ओरडून नाही.

मी डोळे उघडले. रेणू मॅडम तोंडावर ओढणी धरून उभ्या होत्या. आणि त्यांच्या मागं, सोंड फुटलेल्या हत्तीजवळ, खांद्याला कचेरीची बॅग लावलेले बाबा उभे होते. ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. कधीपासून उभे होते कुणास ठाऊक. त्यांच्या शेजारी मामा होता आणि तो जमिनीकडे बघत होता.

पुढचा शॉट प्याद्यांचा होता. चौघं जण भाले बाजूला ठेवून फळी उचलायला वाकले. बाबा एकदम पुढं आले आणि म्हणाले, "थांबा." मराठीत म्हणाले, पण चौघंही थांबले. असिस्टंट ओरडला, "अरे, ये कौन घुस आया फ़्रेम में?" मामा म्हणाला, "बाप है उसका. रहने दो." बाबांनी बॅग खाली टाकली, माझ्या पाठीखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली दुसरा, आणि मला उचललं. मी चांगली थोराड होते, चौथीतून पाचवीत जाणारी. कित्येक वर्षांत त्यांनी मला उचललं नव्हतं. त्यांच्या गळ्याची शीर ताठ झाली. ते मला घेऊन दरबारातून, हत्तींमधून, बांबूंच्या टेकूंमधून बाहेर पडले. प्याद्यांनी उचलायचा तो शॉट नंतर पांढऱ्या कापडाखाली उशा ठेवून घेतला, असं घागरा परत द्यायला गेलो तेव्हा मॅडमनी सांगितलं.

बांधावर आल्यावर बाबांना धाप लागली. त्यांनी मला खाली उभं केलं. आई मागून येत होती, दंडांवर लाल बाह्या आणि हातांत पत्र्याची कंकणं तशीच. ती जवळ आली, आणि दोघं समोरासमोर उभे राहिले.

"कुठं ठेवलंत तिला?" आईनं विचारलं.

मला वाटतं, हा प्रश्न ती इतकी वर्षं तोंडात धरून बसली होती. मामाला विचारता आलं असतं, गावात कुणालाही विचारता आलं असतं. पण बाळंतपण होईपर्यंत विचारू नको असं घरचे म्हणाले, आणि नंतर विचारायचं कसं हे तिला कळेना. बाबांनाही सांगायचं कसं हे कळलं नाही. आज मी स्वतः आई आहे, आणि त्या दोघांचा राग येत नाही.

 बाबा बांधावरून खाडीच्या दिशेनं चालायला लागले. आम्ही मागून गेलो. मिठागरं तेव्हाच बंद पडली होती, मीठ पिकवायच्या कोंड्यांत गवत माजलं होतं, पलीकडे नव्या इमारतींचे खांब उभे राहत होते. मी घागरा वर धरून चालत होते, चेहऱ्याची राखाडी पावडर घामानं ओघळत होती. एका मोठ्या रानभेंडीच्या झाडापाशी बाबा थांबले. पुढं गेले, मागं आले. जरा गोंधळले. मग झाडाच्या पलीकडच्या उंचवट्याजवळ उभे राहून म्हणाले, "इथं. भरती आली तरी पाणी येत नाही इथवर, म्हणून जनानं ही जागा काढली."

तिथं काहीच नव्हतं. साधी माती, थोडं गवत, भेंडीची पिवळी फुलं पडलेली. आई खाली बसली आणि तिनं मातीवर तळहात ठेवला. बाबाही बसले. कचेरीची पँट मळली तरी बसले. मग ते म्हणाले, "माती ओली होती त्या दिवशी. तिला तशी ठेववेना. मी माझा सदरा काढून खाली अंथरला."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. "कुठला? निळ्या चौकड्यांचा?"

"हो."

"मी किती शोधला तो," आई म्हणाली. "मला वाटलं, दोरीवरनं उडाला."

आणि मग ती रडायला लागली, मोठ्यांदा, गावाकडच्या बायका रडतात तशी. बाबांनी तिचा हात हातात घेतला. मी त्या दोघांकडे बघत उभी होते. मला भीती वाटली नाही. थोड्या वेळानं मीही त्यांच्यात जाऊन बसले. बाबा मग तुटक तुटक सांगत गेले: पमीला उचलून आणताना मामा पुढं कंदील धरून चालला होता, तिचं एक पैंजण वाटेत पडलं ते मामानं परत जाऊन शोधून आणलं. आई प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा विचारत होती. शेवटी महालाकडून कपडेवाल्याची हाक आली, "ओ भाईसाब! घागरा वापस करो!" तेव्हा आई डोळे पुसून हसली आणि उठली. त्या संध्याकाळी मामीनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तिनं भरलेले बोंबील तळले होते, आणि बाबांनी पोटभर खाल्ले.

तो भाग आम्ही हंसाबेनच्या घरी पाहिला. आईचे हात पडद्यावर जेमतेम क्षणभर दिसले, त्यावर ढोल आणि गडगडाट घातला होता, आणि लगेच जाहिराती लागल्या. पुढच्या भागापासून तारिणीचं नाव कुणी घेतलं नाही. महाल उतरला, त्या जागेवर आता सोसायटी आहे. रेणू मॅडम पुन्हा भेटल्या नाहीत.

शाळा सुरू झाल्यावर आमच्या वरच्या मजल्यावर एक नवं कुटुंब राहायला आलं. पाणी जेमतेम यायचं, म्हणून सगळ्या बायका खालच्या टाकीपाशी कळश्या घेऊन उभ्या होत्या. मी आईच्या मागं होते, बाबा कळशी उचलायला वाकले होते. नव्या बाईंनी ओळख काढत विचारलं, "आपको एक ही बेटी है?"

आई म्हणाली, "नहीं, दो. ये छोटी अनु." मग तिनं ओचा सावरला, दुसरी कळशी नळाखाली सरकवली आणि म्हणाली, "बड़ी नहीं रही. उसका नाम पमी."

बाबा तिचं बोलणं संपेपर्यंत तिथंच थांबले, मग भरलेली कळशी खांद्यावर घेऊन जिना चढायला लागले.